डॉल्फिन किक गुडघ्यातून मारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी लागली की मराठवाड्यात जलतरण तलावांवर शिबिरे सुरू होतात. फ्रीस्टाइल जरा जमले की मुलांना बटरफ्लाय (दोन्ही हात एकदम पुढे फेकत पोहणे) शिकवायला घेतात, आणि तेही हातांपासून. मग खांदे भरून येतात, २५ मीटर काही पार होत नाही. बटरफ्लायचा पाया डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे वरखाली मारणे, हा आहे. आधी ती बसवा.

बहुतेक मुले ही किक गुडघ्यातून मारतात. गुडघा फार दुमडला की मांडी पुढे येते, पाणी तिच्यावर आदळते आणि वेग तिथेच मरतो. लाट छातीखालून निघून कंबर, मांड्या, पोटऱ्या अशी चवड्यांपर्यंत पोचली पाहिजे. हात पुढे ताणलेले, पंजा पंज्यावर, दंड कानांच्या मागे घट्ट, हनुवटी आत, घोटे सैल. हात वरखाली डुलले की जोर वाया गेलाच. पाय खाली मारण्याकडे सगळ्यांचे लक्ष असते, वर येताना ते नुसते तरंगत येतात. मांडीच्या मागचे स्नायू आवळून ते तितक्याच जोराने वर आणायचे. मुलाला उताणे करून किक मारायला लावा. गुडघे पाण्याबाहेर डोकावले की चूक काठावरूनच दिसते.

सर्वांत चांगला सराव उभ्याने होतो. खोल पाणी, हात छातीवर घडी घातलेले, १५ सेकंद किक, ३० सेकंद विसावा, असे ६ वेळा. याला लांबी लागत नाही, खोली लागते. म्हणून दिवाळीच्या सुमारास भरलेल्या विहिरीतही तो करता येतो. मात्र दोर, हवा भरलेली ट्यूब आणि पट्टीचा पोहणारा सोबत हवाच. एप्रिलमध्ये पाणी तळाला जाऊन कातळ उघडा पडतो, तेव्हा विहीर नको.

स्पर्धेत सुरुवातीला आणि वळणानंतर १५ मीटरच्या आत डोके पाण्यावर यावे लागते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये जपानचा दाइची सुझुकी पाण्याखालून लांबवर किक मारत १०० मीटर बॅकस्ट्रोक (उताणे पोहणे) जिंकला, त्यानंतर बॅकस्ट्रोकला आधी अशी मर्यादा आली. शिकाऊ मुलाने १५ मीटरचा हव्यास धरू नये. भिंत ढकलल्यावर अर्धा ते एक मीटर खोलीवर ४-५ स्वच्छ किक पुरेत.

कारण पोरे लगेच ‘दम कोंडून कोण लांब जातो’ अशी पैज लावतात. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची निकड जाणवत नाही आणि मेंदूला प्राणवायू कमी पडून मूल पाण्याखाली बेशुद्ध होते. ना हातपाय झाडते, ना ओरडते. विहिरीच्या गढूळ पाण्यात तर ते दिसतही नाही. शिबिरांच्या आयोजकांनी अशा पैजा बंद कराव्यात आणि डॉल्फिन किकच्या सरावात प्रत्येक लेनवर काठावर एक माणूस फक्त पाण्याकडे बघणारा ठेवावा.

– एक जलतरण प्रशिक्षक, परभणी