पेंटरकाकांना, लाल रंगाबद्दल

पेंटरकाका, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानले की तुम्ही "ते राहू दे, चहा सांग" म्हणून विषय संपवता. म्हणून हे जाहीर पत्र. माझ्यासारखी प्लास्टिकच्या छोट्या गाड्यांची किट जोडणारी आणखी चार मंडळी वाचतील, त्यांचंही काम होईल.

हासेगावाच्या किटमधली १/२४ ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी, टोयोटा २०००जीटी घेऊन मी नाना पेठेत तुमच्या गॅरेजवर आलो, तेव्हा तिथली पोरं हसली होती. तुम्ही मात्र बॉडी हातात घेतलीत, ट्यूबलाइटखाली तिरकी धरलीत आणि म्हणालात, "नळीची कड बघ." बॉनेटवर पडलेल्या ट्यूबलाइटच्या नळीच्या प्रतिबिंबाची कड थरथरत असेल तर ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा उंचसखल रंग, धुरकट दिसत असेल तर रंग कोरडा बसलाय. त्या दिवसापासून मी रंगाकडे बघतच नाही, नळीकडे बघतो.

चकाकी क्लिअर कोटातून, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातून येते, हा आम्हा हौशी लोकांचा लाडका समज. एअरब्रश, म्हणजे आमची रंग फवारायची छोटी गन, लांब धरला की थिनर वाटेतच उडतो, थेंब अर्धवट सुकून बसतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. वरून कितीही क्लिअर मारा, खालची खरखर तशीच राहते, हे तुम्ही करून दाखवलंत. तुमची गन वीतभर अंतरावरून चालते, माझ्या ०.३ मिमी नोझलला चार बोटं अंतर आणि १५ ते २० पीएसआय हवेचा दाब पुरे. पहिला हात हलका, नुसती पकड येण्यापुरता. दुसरा ओला, ओघळ येण्याच्या जरा अलीकडे थांबणारा. "हात गाडीच्या बाहेर सुरू कर आणि बाहेरच संपव," हे तर एअरब्रशच्या डब्यावर छापायला हवं.

लालाखाली गुलाबी प्रायमर (रंगाआधीचं अस्तर), हीही तुमचीच शिकवण. करड्या प्रायमरवर लाल मळकट दिसतो, मग तो उजळावा म्हणून आपण हातावर हात चढवत जातो आणि दारांच्या रेघा बुजतात. खऱ्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन रंग असतो. त्याला २४ ने भागा: चार ते सहा मायक्रॉन! इतका पातळ रंग कुणाच्या बापाला मारता येणार नाही. म्हणून प्रायमरच्या आधीच रेघा खोल करून घ्यायला लावल्यात, "रंग त्या खाणारच" म्हणून.

पावसाळ्यात तुम्ही मला सरळ घरी पाठवलंत. थिनर झपाट्याने उडाला की पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग दुधाळ होतो. घाईच असेल तर रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) असलेला लेव्हलिंग थिनर वापर, नाहीतर ऊन पडेपर्यंत गप्प बस, असा तुमचा सल्ला. मी गप्प बसलो.

रबिंग मात्र तुम्ही स्वतः केलंत. कडांवर मास्किंग टेप, २००० चा वॉटर पेपर, साबणाचं पाणी आणि नुसत्या बोटाच्या टोकाचा दाब. टेप का, असं विचारल्यावर "कडेला रंग पातळच बसतो, पेपर तिकडे गेला की लाल गेला" एवढंच बोललात. मग पॉलिशचं कंपाउंड. आता बॉनेटवर ट्यूबलाइटच्या पट्टीवरची अक्षरंही उलटी वाचता येतात.

एक तक्रार आहे. टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला कायमचं धरतं, असं मला दरडावून सांगणारे तुम्ही स्वतः तोंडाला रुमाल बांधून तेच क्लिअर मारता. पत्रासोबत कार्ट्रिजवाला मास्क आणि जादा कार्ट्रिजची जोडी पाठवतोय. तरी फवारताना शटर उघडंच ठेवा, आणि काम झालं की मास्क हवाबंद पिशवीत. बाहेर राहिला तर कार्ट्रिज फुकट जाते. मापाचा नसेल तर शनिवारी बदलून आणतो. पोराला देऊन टाकू नका, त्याच्यासाठी वेगळा घेतलाय.

तुमचा,
छोट्या गाडीवाला