सिमेंटचे पत्रे फोडायच्या आधी एकदा तपासा तरी

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मृग तोंडावर आला की नागपुरात दरवर्षी एकच घाई सुरू होते, गच्चीच्या भेगा भरा, नाल्या मोकळ्या करा आणि फुटके सिमेंटचे पत्रे बदला. मी बिल्डिंगांचा मेंटेनन्स बघतो, एक जुनं कमर्शियल कॉम्प्लेक्स आणि काही हाउसिंग सोसायट्या, त्यामुळे मे महिन्यात माझा अर्धा दिवस पत्रेवाल्यांशी घासाघीस करण्यातच जातो. त्यात वानरं आहेतच आपल्याकडे, एका उडीत पत्रा खल्लास. तर हे पत्र त्या पत्र्यांबद्दल आहे, म्हणजे त्यातल्या ॲस्बेस्टॉसबद्दल (धाग्यांचं एक खनिज, पत्रा मजबूत व्हावा म्हणून सिमेंटमध्ये मिसळतात), आणि खरं म्हणजे ते काढायची ऑर्डर ज्यांच्या सहीने निघते त्या माझ्यासारख्या लोकांबद्दल, सेक्रेटरी, मॅनेजर, शाळेचा केअरटेकर, गोदामाचा मालक, कारण यातल्या कोणालाच कोणी कधी काही शिकवलेलं नाहीये.

काम कसं चालतं ते जरा सविस्तर सांगतो. पत्रा जे-हूकने खालच्या पाइपला आवळलेला असतो, नट पार गंजून गेलेला, पाना फिरतच नाही. मग मिस्त्री नटाच्या नादी लागतच नाही, भोवतीचा पत्राच हातोडीने फोडतो, हूक मोकळा झाला की पत्रा वरूनच खाली सोडतो, धाडकन. खाली रेजा, म्हणजे मजूर बाई, उभी, ती तुकडे घमेल्यात भरते आणि उरलेला पांढरा भुगा कोरड्या झाडूने लोटते, तोंडाला ओढणी बांधून. आणि तिथनं आठ-दहा फुटांवर पहिल्या मजल्याच्या खिडकीत कूलर घरघरत असतो. आता कूलरचं कामच मुळी बाहेरची हवा ओढून घरात सोडायचं, त्याच्या ताट्या मोठी धूळ अडवतात थोडीफार पण ॲस्बेस्टॉसचा धागा नुसत्या डोळ्याला दिसतच नाही, त्याच्यासाठी ताट्यांवर काय भरवसा ठेवायचा. मे महिन्यात ४५ डिग्रीत कोणी कूलर बंद करून बसणार नाही हे मलाही कळतं, पण निदान त्या दोन तासांपुरता बंद करा असं त्या घरी जाऊन सांगणारा तरी कोणी पाहिजे ना. तो कोण, तर ज्याने काम लावलं तो.

मिस्त्रीला म्हटलं की बाबा हे असं फोडू नको, तर उत्तर ठरलेलं, "काही नाही होत जी साहेब, तीस वर्षं झाले हेच करून राहिलो, काय झालं मले?" आणि इथेच सगळी गोची आहे. ॲस्बेस्टॉसचा धागा आडवा तुटत नाही, तो उभा चिरत जातो, आणखी बारीक, आणखी बारीक, हवेत तासन्‌तास तरंगतो, फुफ्फुसात खोल जाऊन बसतो आणि शरीराला तो सहजी विरघळवताही येत नाही नि बाहेर टाकताही येत नाही. त्यातून होणारा ॲस्बेस्टोसिस (फुफ्फुसं कडक करणारा आजार), फुफ्फुसाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, हे सगळे दहा-वीस वर्षांनी, कधी चाळीस वर्षांनीही डोकं वर काढतात. बिडी-सिगारेटवाला असेल तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैकपटीने वाढतो. म्हणजे त्या मिस्त्रीला आज काही झालेलं नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि उद्या दम लागायला लागला की टीबीच्या गोळ्या सुरू होतात, वीस वर्षांपूर्वी कुठल्या शेडचे पत्रे फोडले होते हे कोण विचारणार. जागतिक आरोग्य संघटना सांगते की कामाच्या ठिकाणच्या ॲस्बेस्टॉसमुळे जगभरात वर्षाला दोन लाखांहून जास्त माणसं मरतात. ब्रिटनने १९९९ मध्ये पूर्ण बंदी घातली, तरी तिथे आजही वर्षाला पाच हजारांच्या आसपास लोक जुन्या धुळीमुळे जातायत.

आपल्याकडे बंदी नाहीये हे अजून बऱ्याच जणांना माहीतच नाही. खाणीतून काढणं बंद झालंय, पण पांढरं ॲस्बेस्टॉस, ज्याला क्रायसोटाइल म्हणतात, ते रशिया, कझाकस्तान, ब्राझीलहून येतं आणि त्याचे पत्रे आजही दुकानात कायदेशीर मिळतात. म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मी इंटरनेटवर एक ब्रिटिश ॲस्बेस्टॉस अवेअरनेसचा कोर्स केला, चांगला होता, पण त्यात सारखं एकच पालुपद, इमारत २००० सालच्या आधीची आहे का ते बघा. त्यांच्यासाठी बरोबर आहे, त्यांची बंदी १९९९ ची. नागपुरात हा हिशोब लावला तर फसाल. इथे मागच्या वर्षी टाकलेल्या पार्किंग शेडमध्येही ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि पन्नास वर्षांच्या वाड्यात नसूही शकतं. वर्ष बघून काही कळत नाही. नवीन पत्र्यावर आयएस ४५९ असा भारतीय मानकाचा शिक्का असेल तर तो ॲस्बेस्टॉस सिमेंटचा, पण जुन्या, चुना मारलेल्या, शेवाळ धरलेल्या पत्र्यावर कसला शिक्का दिसतोय. आणि ॲस्बेस्टॉस नसलेले सिमेंटचे पत्रेही मिळतात, ते बघायला अगदी तसेच. दुकानदार म्हणतो म्हणून विश्वास ठेवायचा नाही, तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्याशिवाय नक्की सांगता येत नाही.

आणि नुसते पत्रेच नाहीत. जुन्या बिल्डिंगीत गच्चीवरून पावसाचं पाणी उतरवणारे करडे पाइप, संडासाचे व्हेंट पाइप, जुन्या पाण्याच्या टाक्या, मीटर रूममधले जुने बोर्ड, बॉयलर किंवा गरम पाण्याच्या लाइनीवर गुंडाळलेला पांढरा दोर नि लेप, गॅस्केट, कधी कधी जुन्या फरशीच्या टाइल्ससुद्धा. यातला पाइपावरचा लेप सगळ्यात वाईट, कारण पत्र्यात धागा सिमेंटमध्ये पक्का धरलेला असतो, शंभरात आठ-दहा भाग ॲस्बेस्टॉस आणि बाकी सिमेंट, पण लेप हाताने चुरला तरी भुगा होतो. जुन्या मिलच्या, हॉस्पिटलच्या, हॉस्टेलच्या किचनच्या बॉयलरजवळ जे काम करतात त्यांनी तरी प्लंबरला करवत लावू देण्याआधी दोन मिनिटं थांबावं.

घाबरवायला लिहित नाहीये. डोक्यावर धड पत्रा आहे, फुटलेला नाही, कोणी त्याला ड्रिल मारत नाहीये, तर लगेच सामान बांधायची गरज नाही. उलट धडधाकट पत्रा उगाच काढणं हेच जास्त धोक्याचं असतं कधी कधी. धूळ उठते ती कापताना, भोक पाडताना, फोडताना, आणि पत्रा वरून झिजला की. आपलं ऊन आणि मग चार महिने पाऊस, यात वरचं सिमेंट झिजून धागे उघडे पडतात, पन्हाळीत जो पांढरट गाळ जमतो तो त्याचाच असू शकतो, आणि आपली माणसं तो सुकल्यावर खराट्याने झाडतात. तारेच्या ब्रशने घासून चुना मारायची पद्धत आहे ना उन्हाळ्यात, ती तर बंदच करा. रंग द्यायचा तर पत्रा न घासता द्या. आणि सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊन चालू देऊ नका कोणाला, त्याला ॲस्बेस्टॉसची वाट बघायची गरज नाही, पत्रा फुटून माणूस खाली येतो तो त्याच दिवशी जातो. फळ्या टाकून, पट्टा बांधूनच वर चढवा.

ब्रिटनमध्ये २०१२ च्या नियमांत सरळ लिहिलंय की ज्याच्याकडे बिल्डिंगच्या दुरुस्तीची जबाबदारी, ॲस्बेस्टॉस कुठे आहे हे माहीत करून घेणं त्याचंच काम. त्यासाठी सर्वेचे दोन प्रकार आहेत, एक रोजच्या वापरातल्या इमारतीचा, जिथे हात लागतो तिथे काय आहे आणि त्याची अवस्था कशी आहे ते बघायचं, आणि दुसरा तोडफोड किंवा मोठं रिनोव्हेशन करायच्या आधीचा, त्यात भिंत, सीलिंग उघडूनही बघतात. मग त्याचं रजिस्टर करतात, आणि इलेक्ट्रिशियन असो की प्लंबर, ड्रिल लावायच्या आधी त्याला ते रजिस्टर दाखवायचं. आणि हे महत्त्वाचं, अवेअरनेस ट्रेनिंग घेतलं म्हणजे ॲस्बेस्टॉस काढायचा परवाना मिळाला असं नाही, ते फक्त ओळखण्यासाठी आणि हात न लावण्यासाठी. काढणाऱ्यांचं ट्रेनिंग वेगळं, लेपासारख्या भुसभुशीत मालासाठी तर लायसन्सवालाच लागतो. आपल्याकडे कोणी सर्टिफिकेट फ्रेम करून लावेल आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच कटर घेऊन वर चढेल, म्हणून सांगतोय.

आपल्याकडे कायदा अजिबात नाही असं नाही. ॲस्बेस्टोसिस हा कारखान्यांच्या कायद्यातल्या यादीत सरकारला कळवायलाच पाहिजे असा आजार आहे. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना सांगितलं की कामगारांच्या तब्येतीचं रेकॉर्ड चाळीस वर्षं ठेवा. छानच आहे, पण सोसायटीच्या शेडवर दोन दिवस रोजीने आलेल्या त्या रेजाचं रेकॉर्ड कोण ठेवतो? तिचं तर नावही आमच्या व्हाउचरवर नसतं, ठेकेदाराची सही असते. २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत टाकाऊ ॲस्बेस्टॉस आहे, पण ते सगळं कारखान्याच्या अंगाने लिहिलेलं, बिल्डिंगवाल्याला त्यातून काही बोध होत नाही. मग होतं काय तर भंगारवाला सिमेंटचा पत्रा घेत नाही, मलबेवाला ट्रॅक्टर येतो, तुकडे घेऊन जातो आणि कुठल्यातरी रिकाम्या प्लॉटवर किंवा रिंग रोडच्या कडेला रिकामे करतो. काही तुकडे वॉचमनच्या खोलीसमोर चिखलावर टाकले जातात, नालीवर झाकण म्हणून ठेवले जातात, पोरं त्याने जमिनीवर रेघोट्या ओढतात. मी एका ऑफिसात फोन करून विचारलं की हे पत्रे द्यायचे कुठे, त्यांनी दुसऱ्या ऑफिसचा नंबर दिला, दुसऱ्यांनी पहिल्याचा.

गंमत म्हणजे, म्हणजे गंमत कसली, चीडच येते, की ज्याला ज्याला म्हणून हे जमेल ते सगळं नागपुरात आहे. नीरी ही पर्यावरण संशोधनाची संस्था इथे, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय इथे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मोठं ऑफिस इथे. ॲस्बेस्टॉस हे शेवटी खनिजच, आणि ते ओळखायला जो ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक लागतो तो तर दगड तपासणाऱ्यांचं रोजचं हत्यार. धोकादायक कचरा पुरायचं केंद्र जवळच बुटीबोरीला आहे. एवढं असून सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र्याचा अंगठ्याएवढा तुकडा तपासायचा तर कुठली खिडकी नाही, दर नाही, फॉर्म नाही.

माझं म्हणणं फार मोठं नाही. आगीच्या बाबतीत बघा, २००६ चा कायदा आला आणि आता जानेवारी-जुलैला आगीची यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म द्यायचा हे प्रत्येक मॅनेजरला तोंडपाठ आहे. तीस वर्षांपुढच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं, तो इंजिनिअर तसाही गच्चीवर चढतो, डक्टमध्ये डोकावतो, मग त्याच रिपोर्टमध्ये एक पान ॲस्बेस्टॉसचं जोडायला काय हरकत आहे, कुठे काय आहे, फुटलंय का, नमुना तपासला का. आणि महापालिकेने पाडकामाची परवानगी देताना तेच पान मागावं. सध्या धरमपेठ, महाल, सगळीकडे जुनी घरं पाडून रीडेव्हलपमेंट चाललंय, एकेका पाडकामात किती पत्रा नि पाइप जेसीबीखाली जातो याचा विचार करा. आणि वॉर्डावॉर्डात सोसायटीवाल्यांचं, शाळांच्या केअरटेकरचं एक दिवसाचं ट्रेनिंग ठेवा, मराठीत नि हिंदीत, मिस्त्री आणि रेजांनाही बोलवा आणि त्यांची त्या दिवसाची रोजी द्या, नाहीतर कोणी येणार नाही.

ते होईतो ज्यांचं काम पुढच्या आठवड्यातच आहे त्यांच्यासाठी एवढंच. पत्रा आधी पाण्यात थोडा साबण टाकून चांगला भिजवा आणि काम होईतो ओला ठेवा, पण प्रेशरचा फवारा नको. हूक बोल्ट-कटरने तोडा, पत्रा अख्खा काढून दोरीने खाली उतरवा, ग्राइंडर लावूच नका. कापडी किंवा निळा सर्जिकल मास्क कामाचा नाही, पी३ (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा चेहऱ्याला घट्ट बसणारा रेस्पिरेटर लागतो. झाडू नाही, ओलं फडकं, आणि तेही पत्र्यासोबतच जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, वर मोठ्या अक्षरात लिहून वेगळं ठेवा. कामाचे कपडे घरी नेऊन घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, त्याने बायका-पोरांनाही धागा गेल्याची उदाहरणं जगभर आहेत. शेजारच्यांना आदल्या दिवशी सांगून कूलर नि खिडक्या बंद ठेवायला लावा, सकाळी सहाला काम काढलं तर लोक ऐकतात. यात ठेकेदाराचा रेट वाढतो हे खरं आहे, माझ्याकडे कोटेशन जवळपास दुप्पट आलं आणि मीटिंगमध्ये त्यावरून भांडणही झालं, शेवटी निम्मं शेड यंदा आणि निम्मं पुढच्या वर्षी असं ठरलं.

तर वर ज्या संस्थांची नावं घेतली त्यांच्यापैकी कोणी नागरिकांकडून पत्र्याचा नमुना घ्यायला तयार असेल, तर त्यांनी दर आणि पत्ता आपल्या पेपरातून जाहीर करावा. आणि गुंडाळून ठेवलेले पत्रे बुटीबोरीला कोणत्या कागदावर, कोणाच्या गाडीतून पाठवायचे तेही महापालिकेने किंवा प्रदूषण मंडळाने एकदा मराठीत छापावं. आमचे तरी पार्किंगच्या कोपऱ्यात तसेच पडलेत.

आपला,
एक बिल्डिंग मॅनेजर,
धरमपेठ, नागपूर