फ्रिज आणला आणि ॲम्प विकून आलो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या साफसफाईवर लेख होता. वर्षभर हात लागला नाही ती वस्तू सरळ काढून टाका, भंगारात द्या नाहीतर ऑनलाइन विका, असं त्यात लिहिलंय. कपडे, डबे, जुनी मासिकं याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण वस्तूवस्तूत फरक असतो आणि तो मला फार उशिरा कळला, गिटारचे दोन जुने ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे ॲम्प्लिफायर, विकून बसल्यावर, म्हणून हे पत्र.

मी १९८६ ते १९९५ नोकरीनिमित्त लंडनला होतो, राहायला साउथॉलमधे. पुण्यात कॉलेजपासून गिटार वाजवायचो, गणपतीत ऑर्केस्ट्रा असायचे त्यात. साउथॉलहून २०७ नंबरच्या बसने थोडं पुढे गेलं की हॅनवेल लागतं, तिथे जिम मार्शलचं दुकान होतं आणि १९६२ साली त्याच्याकडच्या पोरांनी अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या बासमन ॲम्पचं सर्किट घेऊन पहिला मार्शल ॲम्प बांधला. मी पोचलो तेव्हा मार्शलचा कारखाना तिथून कधीच हललेला, पण त्या रस्त्याने जाताना मला दरवेळी भारी वाटायचं.

तिथे मी दोन जुने ॲम्प घेतले. गिटारचा ॲम्प ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज जवळपास नसतोच, गिटार आणि ॲम्प मिळून ते एक वाद्य होतं. पहिला घेतला सेल्मर झोडियाक, साठच्या दशकातला, पुढून मगरीच्या कातड्यासारखं रेक्झिन लावलेला. त्याला आपल्या जुन्या रेडिओला असायचा तसा हिरवा मॅजिक आय होता, ट्रेमोलो, म्हणजे आवाज लयीत लहानमोठा करणारी सोय, चालू केला की तो डोळा आवाजाबरोबर लुकलुकायचा. आमच्या वाड्यातल्या रेडिओला तसाच डोळा होता, खरं तर त्या एका कारणासाठी मी तो घेतला.

दुसरा व्हॉक्स एसी ३०, १९६३ चा. टॉम जेनिंग्जच्या कंपनीने केंटमधल्या डार्टफर्डला बनवलेला, डिझाइन डिक डेनीचं. शॅडोज आणि बीटल्स या इंग्लिश बँडांच्या मागे स्टेजवर उभे असायचे ते हेच ॲम्प. पुढे क्वीनच्या ब्रायन मेने जन्मभर हेच वाजवले, आणि त्याच बँडचा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. माझा फुकट जाहिरातींच्या पेपरातून २७५ पाउंडांना मिळाला. तीस किलोच्या आसपास वजन, वर तीन हँडल, मागचं पॅनल काढलं की आत सेलेस्टियनचे निळे रंगवलेले दोन बारा इंची स्पीकर. चालू केल्यावर व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायचे ते काचेचे दिव्यासारखे भाग, तापायला अर्धा मिनिट लागायचा, मग धूळ आणि ट्रान्सफॉर्मरच्या मेणाचा गरम वास खोलीभर पसरायचा, आणि मग आवाज.

त्या आवाजाचं कसं सांगू. एसी ३० मधे आउटपुटला ईएल ८४ जातीचे चार व्हॉल्व्ह असतात आणि निगेटिव्ह फीडबॅक नसतो, म्हणजे आवाज दाबून सरळ ठेवणारी व्यवस्थाच नसते. घरातल्या एसी विजेचा डीसी करायलासुद्धा व्हॉल्व्हच, त्यामुळे जोरात कॉर्ड मारली की आतलं व्होल्टेज जरासं खाली बसतं, आवाज आधी किंचित दबतो आणि मग फुलत वर येतो. व्हॉल्व्ह भरात आला की सुराचे वरचे कोपरे हळूच गोल होतात आणि वरचे स्वयंभू स्वर निघतात, तंबोऱ्याची जवारी नीट लागल्यावर निघतात ना, त्या जातीचं काहीतरी. हळू वाजवलं तर स्वच्छ, बोट दाबलं तर करकर, सगळं बोटात. बटण बदलायची गरजच नाही.

१९९० मधे सुट्टीवर पुण्याला आलो तेव्हा बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो, कारण हाच ईएल ८४ आपल्याकडच्या कित्येक रेडिओंमधे असायचा आणि बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे बीईएल, तो बनवायची. दुकानातल्या आजोबांनी मागच्या फळीवरून धुळीने माखलेली सहा खोकी काढली. "कुठला सेट आहे?" म्हणाले. मी म्हटलं सेट नाही आजोबा, गिटारचा आहे. त्यांनी सहाच्या सहा व्हॉल्व्ह टेस्टरवर लावून, काटा दाखवून दिले. त्यातले चार लंडनला जाऊन एसी ३० मधे घातले आणि पुढची पाच वर्षं तो बंगळूरच्या व्हॉल्व्हवर वाजला, एकदाही दगा दिला नाही.

आता विकल्याचं सांगतो. सेल्मर आधी गेला, १९९१ ला. तेव्हा सगळीकडे डिजिटल रॅकची हवा होती, एका डब्यात शंभर आवाज, वजनाला हलका, मीही सेल्मर देऊन वर पैसे घालून तसला डबा घेतला. सहा-सात वर्षांत त्याचा डिस्प्ले गेला, मग मेमरी गेली, त्यातली चिप कुठेच मिळेना, दोन मेकॅनिकांनी हात टेकले. सेल्मरमधे असलं काहीच नव्हतं, रेझिस्टन्स, कंडेन्सर, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, सगळं हाताने सोल्डर केलेलं, डोळ्यांना दिसणारं. माझ्या वडिलांचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूससुद्धा तो दुरुस्त करू शकला असता.

आणि १९९५ ला परत यायचं ठरलं. कंटेनरमधे काय न्यायचं याची यादी मी केली, फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, कटलरी. एसी ३० च्या पुढे मी "विकणे" लिहिलं. बायको म्हणाली, "अहो फ्रिज चाललाय, त्याच्यापेक्षा का हा जड आहे?" मी म्हटलं, तिकडे कुठे वाजवणार, आणि व्होल्टेजचं काय. व्होल्टेजचं काय! मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर माणूस, इंग्लंडचं आणि आपलं व्होल्टेज जवळजवळ सारखंच, विजेची सायकल दोन्हीकडे ५० च, वर त्या ॲम्पला मागे व्होल्टेज सिलेक्टर होता. अमेरिकन फेंडर असता तर ट्रान्सफॉर्मर लागला असता, याला नुसती पिन बदलायची होती. मला विकायचाच होता म्हणून मी कारण शोधलं, आज तीस वर्षांनी हे लिहायला मला जड जातंय पण खरं तेच आहे.

घ्यायला एक पन्नाशीतला माणूस व्हॅन घेऊन आला. मागचं पॅनल उघडून त्याने बॅटरीच्या उजेडात निळे स्पीकर बघितले, काही बोलला नाही, ४५० पाउंड मोजले. दोन मजले खाली एक हँडल त्याने धरलं आणि एक मी. व्हॅनमधे मी स्वतः ठेवला तो. पावणेदोनशे पाउंड फायदा झाला म्हणून त्या रात्री मी खुश होतो. आणलेला फ्रिज आठ वर्षांत भंगारात गेला. आज तसा एसी ३० हजारो पाउंडांना जातो, पण भाव तेवढाच राहिला असता तरी मला इतकंच वाईट वाटलं असतं. नंतर मी नवीन काढलेला एसी ३० ऐकला, घेतलाही, चांगला आहे, पण दबून फुलणारा तो आवाज मला त्यात सापडला नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की काढून टाकायच्या आधी बघा ती वस्तू उघडते का, दुरुस्त होते का. आपल्याकडे परदेशी माल सहज मिळत नव्हता त्या काळात आपल्याच रेडिओ मेकॅनिकांनी ऑर्केस्ट्रावाल्यांना व्हॉल्व्हचे ॲम्प बांधून दिले. लाउडस्पीकरवाल्यांकडे आहुजाचे जुने व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर होते, घरोघरी मर्फी आणि फिलिप्स होते. त्यातले काही अजून माळ्यावर असतील आणि या दिवाळीला किलोवर जातील. खुद्द लिओ फेंडर कॅलिफोर्नियात फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा, १९३८ पासून. जगातले नावाजलेले ॲम्प त्या दुकानातून सुरू झाले, आणि आपण आपल्या रेडिओ मेकॅनिकला "आता काय उपयोग" म्हणतो याचा मला मनापासून त्रास होतो.

एक काळजी मात्र घ्या, खूप वर्षं बंद असलेला सेट थेट प्लगात घालू नका. जुने कंडेन्सर सुकलेले असतात, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. जाणकाराकडून सिरीज बल्ब लावून, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब जोडून, चालू करून घ्या. आणि स्वतः आत हात घालू नका, तिथे दोनशे-तीनशे व्होल्ट डीसी असतं आणि पिन काढल्यावरही कंडेन्सरमधे राहतं.

संपादकसाहेब, तुम्हाला विनंती, साफसफाईच्या लेखांबरोबरच व्हॉल्व्हचे सेट दुरुस्त करणाऱ्या माणसांची माहिती छापा, आठवड्याला एक जरी छापली तरी चालेल. मागच्या महिन्यात तपकीर गल्लीत गेलो होतो, त्या आजोबांच्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात, पण दोन गल्ल्या फिरल्यावर वरच्या मजल्यावर एक गृहस्थ सापडले, अजून काम करतात. असे गावोगाव असतील, लोकांना पत्ता नसतो.

माझ्याकडे बीईएलचे दोन ईएल ८४ शिल्लक आहेत, सहातले चार ॲम्पबरोबर गेले. कुणाचा जुना रेडिओ नाहीतर ॲम्प त्यावाचून अडला असेल तर आपल्या ऑफिसात कळवावं, मी आणून देईन. पैसे नकोत.

आपला,
एक जुना वाचक, चिंचवड