परीक्षा करावी आणि मग भाकर खावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ईस्टरच्या आधीचा, राखेच्या बुधवारी सुरू झालेला उपवासकाळ निम्म्यावर आला की इंदूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, काही नेहमीची माणसे दिसेनाशी होतात. ती लाजेने थांबतात. मोठ्या उमेदीने नेम धरलेला असतो: पहाटे तासभर प्रार्थना, गोड बंद, रोजचे वाचन. मग रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेल्यावर कुणी जिलबी हातावर ठेवतो, पहाट दोनदा चुकते, घरात आवाज चढतो. आता कोणत्या तोंडाने प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, जायचे, म्हणून माणूस घरी बसतो.

या भीतीमागे बहुधा बायबलातल्या, प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 11 वा अध्याय असतो. 27 व्या वचनातला इशारा ‘अयोग्य माणसाने खाऊ नये’ असा ऐकला जातो. पण मराठीत शब्द आहेत ‘अयोग्य प्रकारे’, आपल्याकडच्या हिंदी उपासनेत ‘अनुचित रीति से’. दोन्ही शब्द खाण्याच्या रीतीला लागतात. करिंथात काय चालले होते ते 21 व्या वचनात आहे: काही जण आपले आधीच जेवून घेत, कुणी पिऊन मस्त होई, कुणी उपाशी राही. पौल चिडला तो त्यावर. पुढे 28 व्या वचनात तो म्हणतो, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करून घरी परतावे, असे तिथे कुठेही नाही.

वाचनाचा नेम मोडतो तो हिशेबामुळे. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, 1189 अध्याय. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमचे 40 सरले की जानेवारी संपता संपता लेवीय लागते, यज्ञांचे विधी आणि चट्ट्यांची तपासणी. तिथे दहा दिवस खंड पडला तर 32-33 अध्याय तुंबतात आणि ते भरून काढायला बसलेला दोन दिवसांत पुस्तक मिटतो. ही बाकी सोडून द्यावी, आजच्या तारखेचा उतारा वाचावा. उपवासाचेही तसेच. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस होतात 46. त्यातले 6 रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून 40. रविवार मंडळीनेच मोकळा ठेवला आहे.

रात्रीच्या कबुलीत ‘सर्व पापांची क्षमा कर’ एवढ्यावर भागवू नये. एकच चूक नावानिशी सांगावी: सुनेला काय बोललो, कुणाची मजुरी अडवली. मजुरी सकाळी देऊन टाकावी. शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयाने तर चौपट परत करायचे कबूल केले. योहानाच्या पहिल्या पत्रात क्षमा देवाच्या विश्वासूपणावर उभी आहे, तेव्हा आपण किती रडलो याचे माप घेत बसू नये.

शिष्य पेत्राने प्रभू येशूला तीनदा नाकारले ते कोळशाच्या शेकोटीपाशी. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी, सोबत भाकर. प्रभू म्हणतो, या, न्याहारी करा. ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ हे पेत्राला विचारणे सुरू होते ते न्याहारी आटोपल्यावर.

पाळकांना विनंती, की पुढच्या प्रभुभोजनाआधीच्या रविवारी 28 वे वचन सावकाश, दोनदा वाचावे. जे लागोपाठ दोनदा आले नाहीत त्यांच्याकडे वडीलजनांपैकी कुणी जाऊन यावे. नेमाची चौकशी करू नये. रविवारी सोबत चला, एवढेच म्हणावे.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, इंदूर