‘नाही’ गिळणारी तीन टिंबे

महोदय,

मराठी वाक्यात नकार बहुधा शेवटी येतो. ‘हप्ता भरलेला नाही’, ‘अर्ज स्वीकारला नाही’, ‘हे पान बंद करू नका’. मोबाइल अ‍ॅपच्या पडद्यावर जागा अपुरी पडली, की वाक्याचा शेवट छाटून तिथे तीन टिंबे टाकली जातात आणि मराठीत नेमका तो ‘नाही’च जातो. ‘हप्ता भरलेला…’ एवढेच वाचणारा माणूस निर्धास्त राहतो आणि दंड लागल्यावर जागा होतो. इंग्रजीत ‘नॉट’ आधीच येऊन गेलेला असतो. त्यामुळे फक्त इंग्रजीत तपासलेल्या पडद्यावर हा घोटाळा दिसतच नाही.

दोष भाषांतराचा नाही, पडद्याच्या मांडणीचा आहे, आणि तो थोड्याच ओळींत सुधारता येतो. अँड्रॉइडवर सध्या अनेक अ‍ॅपची मांडणी गूगलच्या जेटपॅक कंपोज या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, लिहिली जाते (पहिली स्थिर आवृत्ती जुलै २०२१ची), म्हणून तिच्याबद्दलच लिहितो. यादीतल्या सगळ्या ओळी एकसारख्या दिसाव्यात म्हणून ‘मॅक्सलाइन्स’ (जास्तीत जास्त ओळी) १ आणि ‘ओव्हरफ्लो’ला (न मावणाऱ्या मजकुराला) ‘एलिप्सिस’ (तीन टिंबे) लावण्याची सवय सर्रास आहे. योजनेच्या किंवा दुकानाच्या नावाला ती चालेल. पैसे, अर्जाची स्थिती आणि इशारा या तीन प्रकारच्या मजकुराला मात्र ओळींची मर्यादा लावूच नये.

दुसरी गडबड ‘रो’मध्ये, म्हणजे घटक आडवे शेजारी-शेजारी मांडणाऱ्या रचनेत, होते. डावीकडे ‘मागील थकबाकीसह एकूण देय रक्कम’ आणि उजवीकडे आकडा, अशी ओळ घ्या. कंपोज ‘वेट’ (उरलेल्या जागेतला वाटा) न दिलेले घटक क्रमाने मोजते आणि पहिल्याला हवी तेवढी रुंदी देऊन टाकते. लांबलचक मराठी लेबल सगळी रुंदी खाते आणि ज्यासाठी माणसाने अ‍ॅप उघडले, तो आकडाच दिसेनासा होतो. उपाय सोपा आहे. लेबलला ‘वेट’ १ द्यावा, आकड्याला देऊ नये. मग आकडा आधी मोजला जातो, उरलेली जागा लेबलला मिळते आणि ते दुसऱ्या ओळीवर उतरते. दोन बटणे शेजारी-शेजारी हवी असतील तर ‘रो’ऐवजी ‘फ्लो रो’ वापरावा. ‘रद्द करा’ आणि ‘अर्ज सादर करा’ एका ओळीत मावले नाहीत, तर दुसरे बटण आपोआप खाली जाते.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते ठरावीक उंचीमुळे. डिझाइनर ‘सबमिट’ हा शब्द धरून बटण काढतो आणि डेव्हलपर त्याला ४८ डीपीची (डीपी हे पडद्यावरची लांबी-रुंदी मोजण्याचे एकक) पक्की उंची देतो. वर-खाली ८-८ डीपी सोडले, की अक्षरांना ३२ उरतात. अक्षरांचा आकार एसपी या एककात असतो आणि तो फोनच्या सेटिंगप्रमाणे वाढतो, डीपी मात्र त्या सेटिंगने हलत नाही. अँड्रॉइड १४पासून अक्षरे २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात. म्हणजे १२ एसपीचे अक्षर २४ डीपीचे होते आणि ओळीची उंची अक्षराच्या दीडपट धरली, तर मराठीच्या दोन ओळींना साधारण ७२ डीपी लागतात. बत्तीसात पहिली ओळही धड मावत नाही. तिचे उकार कापले जातात आणि दुसरी ओळ तर टिंबेही न देता गायब होते. म्हणून पक्की ‘हाइट’ न वापरता ‘हाइटइन’मध्ये किमान उंची ४८ द्यावी. बोटाला पुरेशी जागा राहते आणि मजकूर वाढला की बटणही वाढते.

ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवावी, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात. अक्षरांमधले अंतर शून्य करावे, हे तर हमखास विसरले जाते. गूगलच्या मटेरियल ३ या डिझाइन पद्धतीच्या तयार शैलीत ‘बॉडी लार्ज’ला (मुख्य मजकुराच्या मोठ्या अक्षराला) ०.५ एसपी अंतर असते. रोमन लिपीत ते शोभते, देवनागरीत त्यानेच शिरोरेषा तुटक दिसू लागते.

मजकूर वाढला की पान लांबणार, म्हणून ते सरकवता यायला हवे. फक्त सरकत्या ‘कॉलम’च्या (उभ्या मांडणीच्या) आत तशीच उभी सरकणारी ‘लेझी कॉलम’ (लांब यादी) उंचीची मर्यादा न घालता ठेवू नये. आतल्या यादीला अमर्याद उंची मिळते आणि अ‍ॅप बंद पडते. शेवटचे बटण कीबोर्डखाली जाऊ नये यासाठी ‘आयएमई पॅडिंग’ (कीबोर्डएवढी मोकळी जागा) द्यावे. अ‍ॅपने अँड्रॉइड १५ हे लक्ष्य ठरवले असेल, तर त्या आणि पुढच्या आवृत्तीच्या फोनवर पडदा कीबोर्डच्या मागेही कडेपर्यंत पसरतो, त्यामुळे हे टाळून भागत नाही.

हे सगळे तपासायला पाच मिनिटे पुरतात. अँड्रॉइड स्टुडिओ या अ‍ॅप बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या ‘प्रिव्ह्यू’त लोकेल (भाषा) ‘एमआर’ म्हणजे मराठी, फॉन्टस्केल (अक्षरांचा आकार) २ म्हणजे २०० टक्के आणि रुंदी ३२० डीपी लिहिली, की काय-काय छाटले जाते ते अ‍ॅप न चालवताही समोर दिसते.

आपल्याकडे अ‍ॅप करून घेणाऱ्या बँका, नगरपालिका आणि सरकारी खाती निविदेत बहुधा ‘मराठी भाषा उपलब्ध असावी’ एवढेच लिहितात. भाषांतराची फाइल जोडली, की ही अट पूर्ण झाली असे धरले जाते. त्याऐवजी अशी अट घालावी: ‘प्रत्येक पडदा मराठीत, २०० टक्के अक्षरांवर आणि ३२० डीपी रुंदीवर एकही शब्द न कापता दिसावा, त्याची चित्रे सोपवणीसोबत द्यावीत.’ बिल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला कोड कळण्याची गरज नाही, ती चित्रे वाचता आली की पुरे.

वाचकांनीही अशा अ‍ॅपची तक्रार करताना ‘नीट दिसत नाही’ एवढ्यावर थांबू नये. पडद्याचे चित्र, फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि सेटिंगमधला अक्षरांचा आकार कळवावा. यातला अक्षरांचा आकार लोक बहुधा सांगत नाहीत, आणि तो कळला नाही तर डेव्हलपरच्या फोनवर सगळे ठीकच दिसत राहते.

– एक अँड्रॉइड डेव्हलपर, पुणे