भूकंपाच्या तरंगांतून भूगर्भदर्शन

महोदय,

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने आमच्या खानापुरातील घरी मांडणीवरची पितळी भांडी खडखडली, असे आजी सांगत असे. मात्र असेच हादरे भूगर्भाची रचनाही उलगडतात, हे शाळेत कोणी सांगितले नाही. भूपृष्ठालगत धावणाऱ्या रॅले व लव्ह (ही शास्त्रज्ञांची नावे) या भूकंपतरंगांपैकी दीर्घ आवर्तकाळाचे, म्हणजे एका हेलकाव्याला अधिक वेळ घेणारे तरंग अधिक खोलवरचे खडक चाचपतात आणि सहसा आधी पोहोचतात. दोन भूकंपमापन केंद्रांवरील नोंदींतून त्यांचा वेग काढला, की पृथ्वीच्या कवचाची जाडी व वरच्या प्रावरणाचे (कवचाखालच्या थराच्या वरच्या भागाचे) स्वरूप यांचा अंदाज बांधता येतो. दख्खनचा काळा बेसाल्ट संपून धारवाडचे प्राचीन खडक उघडे पडतात ते आपल्याच बेळगाव परिसरात, तेव्हा हा विषय येथील महाविद्यालयांनी (मराठीतून असल्यास उत्तमच) विद्यार्थ्यांपुढे मांडावा.

– एक वाचक, खानापूर