सूचना : नागपूरच्या बर्डी (सीताबर्डी)–हिंगणा बस मार्गावरील सर्व सभासदांसाठी

नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ९ वाजता लोकमान्य नगर मेट्रो स्टेशनच्या खाली जमायचे आहे. विषय एकच, संध्याकाळनंतर हिंगण्याकडे जाणारी बस.

बर्डीहून जाणारी मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन लोकमान्य नगरलाच संपते. पुढे हिंगणा गावाकडे जायला बस नाहीतर ऑटो. ऑटोचे भाडे रोज कोणाला परवडते?

तोवर प्रत्येकाने नोंद ठेवावी : थांबा कोणता, बस कितीला आली, चढता आले की नाही. नुसते "बस उशिरा येते" म्हटल्याने निवेदनाला वजन येत नाही. तारीख-वेळ लिहिलेली असली की उत्तर द्यावेच लागते. एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या ताईंनी तर नक्की लिहा. रात्री थांब्यावर उभे राहणे काय असते, हे तुमच्याइतके कोणी सांगू शकणार नाही.

ड्रायव्हर-कंडक्टरशी कृपया वाद नको. गाड्या किती सोडायच्या हे त्यांच्या हातात नाही, आणि दिवसभर तेही याच गर्दीत असतात.

पास असेल तर झेरॉक्स आणा, निवेदनाला जोडायची आहे. पाऊस असला तरी बैठक होईल.